छंदातून सिद्धता : हौशी बिनतारी मंडळांचे कार्य

(शिक्षक, ग्रामसेवक आणि पंचायत सदस्य यांच्या प्रशिक्षण वर्गात एका माहिती अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार फारच तोकडा आहे, हे प्रारंभीच सांगून टाकतो. मी कलाशाखेचा पदवीधर. मराठी आणि इतिहास हे माझे विषय. विद्युत्‌शास्त्राशी माझा संबंध घरातील दिव्याची कळ दाबण्यापुरता. तरीही बिनतारी यंत्रांच्या छंदावर बोलण्याचे निमंत्रण मी स्वीकारले, कारण या छंदाकडे पाहण्यात माझ्या हातून एक चूक घडली होती. ती चूक आपणांपैकी कोणाकडून पुन्हा घडू नये, एवढ्यासाठीच मी आज आपल्यापुढे उभा आहे.

काही वर्षांपूर्वी माझी नेमणूक नदीकाठच्या एका जिल्ह्यात होती. तेथील एका तालुक्याच्या गावी दर रविवारी सकाळी शाळेच्या एका खोलीत पंधरा-वीस मंडळी जमत असत. त्यांत विज्ञानाचे एक शिक्षक होते, रेडिओ-दूरदर्शन संच दुरुस्त करणारे एक कारागीर होते, हायस्कुलात शिकणाऱ्या काही मुली-मुले होती आणि एक निवृत्त तारमास्तर होते. आपल्या देशातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. पण या गृहस्थांच्या बोटांतील कडकट्ट काही बंद झाले नव्हते. मुलांना ते मोर्सची लिपी शिकवीत. एकदा या मंडळींनी आपल्या हस्तकामाचे प्रदर्शन भरविले आणि त्याची बातमी आमच्या मासिक अहवालात यावी, अशी विनंती केली. मी त्या कागदावर शेरा मारला : “छंदविषयक बाब. विकासकार्यात अंतर्भाव आवश्यक नाही.” आणि कागद दप्तरी दाखल झाला.

त्यानंतरच्या पावसाळ्यात एका रात्री नदीने पात्र सोडले. वीज गेली. भ्रमणध्वनीचे मनोरे काही तासांत एकामागून एक मुके झाले. रस्ता पाण्याखाली गेला. मी नियंत्रण कक्षात बसून दर तासाला निवेदन तयार करीत होतो, आणि वरच्या अंगाच्या दोन गावांपुढे दर वेळी एकच वाक्य लिहीत होतो : “संपर्क होऊ शकला नाही.” पहाटे अंदाजानेच एक नाव त्यांपैकी एका गावी धाडण्यात आली. ते गाव उंचावर होते व तेथील सर्व मंडळी सुखरूप होती. दुसऱ्या गावी मात्र काही कुटुंबे लेकराबाळांसह कौलांवर बसून होती. तेथे नाव पोहोचेपर्यंत दुपार झाली. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. परंतु ते सुदैव होते, आमची सिद्धता नव्हे.

वृत्तान्त लिहिताना मला तो शेरा आठवला. नियंत्रण कक्षापासून चार किलोमीटरांवर अशी माणसे राहत होती, की ज्यांना मनोऱ्यावाचून, विजेच्या तारेवाचून, मोटारीच्या बॅटरीवर संदेश धाडता येत होता. त्यांना बोलावण्याचे कोणास सुचले नाही. सुचले असते तरी उपयोग नव्हता. त्या दोन गावांत दुसरे यंत्र नव्हते, आणि एकत्र सराव आम्ही कधी केलाच नव्हता.

रविवारच्या त्या खोलीत

पुढच्या रविवारी मी त्या खोलीत जाऊन बसलो. जे पाहिले ते सांगतो.

एका मेजावर तांब्याची तार, पांढऱ्या प्लास्टिक नळीचे कापलेले तुकडे आणि मोजपट्टी होती. आठवीतील एक मुलगी आकाशतार, म्हणजे अँटेना, तयार करीत होती. तिने मला फळ्यावर गणित मांडून दाखविले. बिनतारी लहरीची लांबी मीटरमध्ये काढावयाची, तर ३०० या संख्येला मेगाहर्ट्‌झमधील कंपनसंख्येने भागावे. ७.१ मेगाहर्ट्‌झची लहर सुमारे ४२ मीटर लांबीची येते. तिच्या निम्मी तार घ्यावी, आणि तारेतील परिणामांसाठी त्यातून पाच टक्के वजा करावे. म्हणजे सुमारे २० मीटर. ही तार मध्यावर तोडून दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर ठेवावयाची, टोकांना नळीचे तुकडे बांधावयाचे आणि दोन बांबूंच्या किंवा झाडांच्या आधाराने ती ताणावयाची. झाली आकाशतार. सातवीचा भागाकार आणि शेकडेवारी यांचा असा उपयोग मी शाळेत असताना कोणी दाखविला असता, तर कदाचित मी कलाशाखेकडे वळलोही नसतो!

दुसऱ्या मेजावर ते कारागीर दोन मुलांना डाख लावण्यास शिकवीत होते. मुले एका छोट्या संदेशयंत्राची जुळणी करीत होती. या यंत्राचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. हैदराबादचे अभियंते श्री. अशहर फरहान यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात ‘बिटएक्स’ नावाच्या एका यंत्राचा आराखडा सर्वांसाठी खुला केला. परदेशी बनावटीचे महाग संच ज्यांच्या आवाक्याबाहेर होते, त्यांनी ते स्वतः बांधावे, हा त्यामागील हेतू. दुरुस्तीच्या दुकानांत सहज मिळतील असेच सुटे भाग त्यांनी निवडले. वेटोळी गुंडाळण्यासाठी लागणारी विशेष कडी मिळेनात, तेव्हा पाण्याच्या नळाचे वायसर वापरून त्यांनी काम भागविले. हा आराखडा पुढे भारताबाहेरही पोहोचला आणि अनेक देशांतील हौशी मंडळींनी त्यावरून आपापली यंत्रे बांधली. साधनांची उणीव हे काम न करण्याचे कारण नव्हे, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

तिसऱ्या मेजावर एक जुना संगणक व त्याला जोडलेला बोटाएवढा ग्राहक होता. दूरदर्शनचे कार्यक्रम संगणकावर पाहण्यासाठी बनविलेल्या स्वस्त उपकरणातून अनेक प्रकारच्या लहरी ग्रहण करता येतात, हे २०१२ च्या सुमारास हौशी संशोधकांनीच सर्वत्र प्रसृत केले. त्या ग्राहकाला मुलांनी ४९-४९ सेंटिमीटरांच्या दोन सळ्यांची आकाशतार जोडली होती. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक पृथ्वीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून दर दीड तासाला एक प्रदक्षिणा करते, आणि त्यावरील हौशी बिनतारी केंद्रावरून अंतराळवीर अधूनमधून शाळांतील मुलांशी बोलतात. कधी चित्रेही प्रक्षेपित होतात. एखाद्या गावाच्या आकाशातून ते जाताना फार तर दहा मिनिटे ऐकू येते. त्या दहा मिनिटांसाठी ही मुले तासभर आधी येऊन बसत. वेळापत्रक पाळण्याचे हे शिक्षण कोणत्याही परिपत्रकाने दिलेले नव्हते.

या छंदाची परंपरा

हा छंद काल-परवाचा नाही. भारतात सन १९२१ मध्ये कलकत्त्याचे अमरेंद्रचंद्र गुप्तू यांनी हौशी बिनतारी केंद्र चालविले. दुसऱ्या महायुद्धास १९३९ मध्ये तोंड लागताच ब्रिटिश सरकारने हौशी परवाने रद्द करून यंत्रे जमा करण्याचे आदेश काढले. मूठभर तरुणांच्या हातातील घरगुती यंत्रांचे भय साम्राज्याला का वाटावे, याचे उत्तर तीनच वर्षांनी मिळाले, आणि तेही आपल्या मुंबईत.

ऑगस्ट १९४२ मध्ये ‘भारत छोडो’ आंदोलनाचे नेते गजाआड गेले आणि वृत्तपत्रांच्या मुसक्या बांधल्या गेल्या. अशा वेळी उषा मेहता या तरुण विद्यार्थिनीने सहकाऱ्यांसह गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला. यंत्राच्या उभारणीत नरीमन प्रिंटर या तंत्रज्ञाचा वाटा होता. डॉ. राममनोहर लोहियांचे या कार्याला साहाय्य होते. पोलिसांच्या शोधगाड्यांना चकविण्यासाठी ही मंडळी पुनःपुन्हा जागा बदलीत. अखेर १२ नोव्हेंबर १९४२ रोजी केंद्र पकडले गेले आणि उषाबेनना चार वर्षांची शिक्षा होऊन येरवड्याच्या कारागृहात जावे लागले. पुढे १९९८ मध्ये त्यांना पद्मविभूषण देऊन राष्ट्राने त्यांचा गौरव केला.

हे केंद्र ४२.३४ मीटरवर ऐकू येत असे. मघाचे गणित येथे करून पाहावे. ही कंपनसंख्या सुमारे ७.०८ मेगाहर्ट्‌झ येते. म्हणजे त्या आठवीतील मुलीने जी तार कापली, जवळजवळ तेवढ्याच तारेवर १९४२ साली स्वातंत्र्याचा आवाज उमटत होता. मला हे कळले, तेव्हा माझ्या इतिहासाचे आणि तिच्या विज्ञानाचे एकाएकी नाते जुळले.

एक भेद मात्र स्पष्ट केला पाहिजे. तो लढा परकीय सत्तेविरुद्ध होता. आज आपले राज्य आहे आणि लहरींची वाटणी सर्वांच्या सोयीसाठी कायद्याने झालेली आहे. विमाने, जहाजे, पोलीस, अग्निशमन या सर्वांचे व्यवहार बिनतारीवर चालतात. म्हणून दूरसंचार विभागाची परीक्षा उत्तीर्ण होऊन परवाना घेतल्याविना कोणीही प्रक्षेपण करता कामा नये. १९७८ च्या नियमावलीने या छंदाला रीतसर चौकट दिली. परवानाधारकास स्वतःचे नाममुद्रेसारखे संकेतनाम मिळते, व ते भारतात ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होते. माजी पंतप्रधान राजीव गांधी हेही या बिरादरीतील होते. ‘व्हीयू-टू-आरजी’ हे त्यांचे संकेतनाम. या छंदात पंतप्रधान आणि दुरुस्तीच्या दुकानातील कारागीर एकाच कंपनसंख्येवर, एकाच पातळीवर बोलू शकतात, ही त्याची लोकशाही होय.

संकटकाळची कसोटी

२६ जानेवारी २००१ रोजी सकाळी ध्वजवंदनाच्या वेळीच कच्छचा भूकंप झाला. भुजची संदेशवहन व्यवस्था कोलमडली. त्या दिवसांत गुजरातेतून आणि अन्य राज्यांतून हौशी बिनतारीवाले आपली यंत्रे घेऊन तेथे गेले व मदतकार्याचे संदेश त्यांनी वाहिले. त्यापूर्वी ऑक्टोबर १९९९ मध्ये ओडिशाच्या महाचक्रीवादळातही या मंडळींनी अशीच सेवा बजावली होती.

अंदमानचे उदाहरण त्याहून विचार करावयास लावणारे आहे. डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या श्रीमती भारती प्रसाद एक पथक घेऊन पोर्ट ब्लेअर येथे गेल्या होत्या. उद्देश निव्वळ छंदाचा. त्या दुर्मीळ ठिकाणाहून जगभरच्या हौशी मित्रांशी बोलावयाचे. २६ डिसेंबरच्या सकाळी त्सुनामी आली. दूरध्वनी बंद पडले. ज्या यंत्रांवर आदल्या दिवसापर्यंत जगाशी गप्पागोष्टी चालल्या होत्या, त्याच यंत्रांवरून बेटांची खबर मुख्य भूमीला मिळू लागली आणि आप्तांच्या खुशालीचे निरोप जाऊ लागले. आदल्या दिवशी तेथे जाऊन एखाद्याने विचारले असते, की या खेळाचा समाजाला उपयोग काय, तर त्याला काय उत्तर मिळाले असते? माझ्यासारख्या अधिकाऱ्याने तर शेराच मारला असता!

या सहकार्याला देशांच्या सीमाही नाहीत. ५ मे २००५ रोजी श्रीहरिकोट्याहून आपल्या अंतराळ संशोधन संस्थेने ‘हॅमसॅट’ हा ४२.५ किलोग्रॅम वजनाचा लहानसा उपग्रह खास हौशी मंडळींसाठी सोडला. त्यातील संदेश परावर्तित करणाऱ्या दोन यंत्रणांपैकी एक भारतात बनली होती आणि दुसरी नेदरलंड्समधील एका विद्यार्थ्याने बनविली होती. २०१४ पर्यंत हा उपग्रह कार्यरत होता.

सरावाचे मोल

मी माझी चूक सुधारण्याचा यथाशक्ती प्रयत्न केला. पुढच्या वर्षी मृगापूर्वी तहसील कार्यालय आणि ते मंडळ यांचा एक संयुक्त सराव आम्ही घेतला. त्यात जे घडले ते सांगण्याजोगे आहे. एका परवानाधारक सदस्याने वरच्या गावाहून संदेश दिला, की शाळेत एकोणसाठ माणसे आश्रयास आहेत. नियंत्रण कक्षातील लेखनिकाने लिहून घेतले : एकोणसत्तर. खऱ्या पुरात ही दहा माणसे आम्ही अंधारात शोधीत राहिलो असतो. तारमास्तर शांतपणे म्हणाले, “साहेब, बिनतारीवर आकडा असा सांगायचा नसतो. पाच-नऊ असे सुटे अंक सांगायचे, आणि ऐकणाऱ्याने ते परत म्हणून दाखवायचे. त्याशिवाय संदेश पोहोचला असे धरायचे नाही.” एवढी साधी गोष्ट, पण ती संकटाच्या रात्री शिकता येत नाही. दुसरा धडा असा मिळाला, की बॅटरी पूर्ण भारित नव्हती आणि अर्ध्या तासात आवाज क्षीण झाला. पुढील सरावाला मुलांनी सौर तावदान जोडून आणले.

यंत्र खरेदी करता येते. सवय खरेदी करता येत नाही. ती आवडीने, वारंवार, कोणतीही निकड नसताना केलेल्या कामातूनच अंगी मुरते. आपण ज्याला छंद म्हणून बाजूला सारतो, तो वस्तुतः गावाच्या सिद्धतेचा साठा असतो. शासन संकटाच्या वेळी साहित्य पाठवू शकेल. परंतु ते साहित्य हाताळणारी बोटे गावात आधीच तयार असावी लागतात.

पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम स्थापन केला, तो याच विचारावर. वेल्डिंग, वीजजोडणी, शेती, आरोग्य अशी गावाच्या गरजेची कामे प्रत्यक्ष करता करता मुले शिकावीत आणि त्या कामाचा उपयोग गावाला व्हावा, ही त्यांची दृष्टी होती. पाबळचा आश्रम आणि ती रविवारची खोली यांचे स्वरूप भिन्न आहे, पण ‘हात चालला की डोके चालते’ हा दोहोंमागील अनुभव एकच आहे.

आपण काय करू शकतो?

आता थोडे व्यवहाराचे बोलू. असे मंडळ उभारण्यास मोठ्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही.

पंचायत सदस्यांना माझी विनंती, की शाळेची किंवा समाजमंदिराची एक खोली रविवारी सकाळी उघडी राहील, अशी व्यवस्था करावी. छपरावर आकाशतार बांधण्यास जागा आणि एक कुलपाचे कपाट एवढे पुरे. गावातील दुरुस्ती कारागिराला सन्मानाने शिक्षक म्हणून बोलवावे. त्याच्याजवळचे ज्ञान पुस्तकात नसते, आणि त्याला ते कोणी कधी विचारलेले नसते.

शिक्षकांनी प्रारंभ गणितापासून आणि आकाशतारेपासून करावा. प्रक्षेपण लगेच करता येणार नाही, तेव्हा आधी ग्रहण करावे. त्याविषयीचे नियमही जाणत्या परवानाधारकाकडून समजून घ्यावेत. मुलींना मागच्या बाकावर बसवू नये. डाख लावण्याचे काम त्यांच्या हाती द्यावे. सुरक्षिततेच्या दोन गोष्टी मात्र पहिल्याच दिवशी शिकवाव्यात. आकाशतार विजेच्या वाहक तारांच्या जवळपास कधीही बांधू नये, आणि आभाळात गडगडाट सुरू होताच ती यंत्रापासून काढून ठेवावी.

अधिकारी बंधूंना एवढेच सुचवितो, की आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ अन्वये प्रत्येक जिल्ह्यात प्राधिकरण आहे. आपल्या जिल्ह्यातील परवानाधारक हौशी मंडळींची यादी त्या कार्यालयात असावी, त्यांची भूमिका आधीच लेखी ठरावी आणि पावसाळ्यापूर्वी निदान एक सराव त्यांच्यासह व्हावा. हौशी केंद्र हे शासकीय बिनतारी यंत्रणेला पर्याय नव्हे. पण मुख्य दोर तुटला, तर हाताशी असावा असा तो दुसरा दोर आहे.

बंधुभगिनींनो, ती आठवीतील मुलगी पुढे परवान्याच्या परीक्षेला बसली आणि उत्तीर्ण झाली. वरच्या अंगाच्या त्या दोन गावांपैकी एक गाव तिचे आजोळ आहे. ज्या गावाच्या नावापुढे मी रात्रभर “संपर्क होऊ शकला नाही” असे लिहीत होतो, त्या गावाहून आता सरावाच्या दिवशी तिचा आवाज येतो. ती आपले संकेतनाम सांगते, सुटे अंक सावकाश उच्चारते आणि उत्तराची वाट पाहते.

त्या हाकेला ओ देण्यासाठी या बाजूला कोणीतरी बसलेले असावे, ही जबाबदारी आपली आहे.